पालकांनी आत येऊ नये

९ सप्टेंबर

प्रति,
पाळकसाहेब, प्रार्थनामंदिर, यांस

विषय : आपला दिनांक १८ जूनचा अर्ज.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, 'माझी मुलगी सहावीत शिकते, तिच्या वर्गात एक दिवस मागे बसून शिकवणे ऐकण्याची परवानगी मिळावी' असा आपला अर्ज या कार्यालयास प्राप्त झाला. वर्ग चालू असताना पालकांना शाळेच्या आवारात प्रवेश देण्याची तरतूद नाही. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.

मुख्याध्यापिका

धाकट्या,

वरचं उत्तर कार्यालयाचं. त्याची नक्कल फाइलला लावली आहे. खालचं तुझ्या ताईचं, त्याची नक्कल नाही.

चार गल्ल्यांवर राहणाऱ्या भावाला पोस्टाने पत्र पाठवते म्हणून पोस्टमन माझ्याकडे बघून हसला. हसू दे. समोरासमोर बसलो तर काय होतं ते आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. राग आला की तुझी जीभ अडखळते आणि माझी अजिबात अडखळत नाही. त्यापेक्षा कागद बरा.

अर्ज दिलास त्याच्या पुढच्याच रविवारी तू उपदेशाला उभा राहिलास आणि म्हणालास, ज्या दारात बापाला थांबवतात, त्या दारातून त्याच्या लेकराने आत का जावं? मी तिसऱ्या बाकावर होते. वाक्य चांगलं होतं, हे मान्य करायला हवं. इतकं चांगलं, की सोमवारी माझ्या शाळेतली अकरा मुलं आली नाहीत. उपासनेला येणाऱ्या आपल्या मंडळीतली एकूण एक. तुझी बिट्टीही नाही. तुझी बायको आता त्या अकरा जणांना प्रार्थनामंदिरात शिकवते असं कळलं. तेव्हापासून मी उपासनेला आलेले नाही. गुडघे दुखतात असं सगळ्यांना सांगितलं आहे, कोणी विचारलं तर तूही तेच सांग.

तू अर्ज घेऊन फाटकाशी आलास त्या दिवशी मी कामात होते. नियम नियम असतो. तुला ठाऊक नसेल, पण अकरा वर्षांपूर्वी एक बाप वर्गात शिरून आमच्या गणिताच्या बाईंच्या अंगावर धावून गेला होता. 'पालकांनी आत येऊ नये' ही पाटी तेव्हापासून फाटकावर आहे. तुझ्यासाठी खास लावलेली नाही.

आणखी एक. शिक्षणखात्याचं पत्र आलंय. पंधरा नोव्हेंबरला अधिकारी येऊन डोकी मोजणार. चाळिसाच्या खाली भरली तर शाळा बंद, आणि मुलं हमरस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत. आमची चव्वेचाळीस होती, आता तेहतीस आहेत. मी तुझ्याकडे मुलं मागायला लिहीत नाहीये. तुला कळावं म्हणून लिहिते. चौथीतल्या मुलांनी रोज तो रस्ता ओलांडायचा आहे, तेही कळावं.

तुझी
ताई


२४ सप्टेंबर

धाकट्या,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. पण मागच्या पत्रात मी एक खोटं लिहिलं, आणि ते तुझ्या घरात कागदावर पडून आहे हे मला सोसत नाही.

मी कामात नव्हते.

शाळेत झाडलोट करणाऱ्या मावशी काल माझं टेबल पुसता पुसता म्हणाल्या, की त्या दिवशी त्यांनी तुला दोनदा पाणी नेऊन दिलं. तू तासभर उन्हात उभा होतास, काहीतरी सांगायचं होतं पण शब्द फुटत नव्हता, शेवटी तू कागद मागितलास. मी म्हटलं, मला माहीत आहे. कसं माहीत, असं त्यांनी विचारलं नाही. शहाण्या आहेत.

माझ्या खिडकीतून फाटक सरळ दिसतं. मी पडद्याआड उभी होते. टेबलावर गार झालेल्या चहाशिवाय काही नव्हतं. भिंतीला कागद टेकवून तू अर्ज लिहिलास, तेही पाहिलं. तरी दोन जिने उतरून खाली आले नाही.

का, ते सांगते. फाटकाशी तू उभा होतास, पण मला बाबा दिसत होते.

'लेकरं देवाने आईबापांना दिली आहेत, सरकारला नाही.' हे बाबांचं वाक्य आपण दोघांनी ऐकलं, पण एकच वाक्य ऐकलं असं नाही. तू अडखळतोस म्हणून मास्तरांनी तुला बाकावर उभं केलं आणि वर्गाला हसायला लावलं, तेव्हा बाबा हेच वाक्य म्हणत शाळेत गेले आणि तुला हाताला धरून घरी घेऊन आले. प्रार्थनामंदिराची झाडलोट आणि घंटा सांभाळून त्यांनी तुला दोन वर्षं मागच्या खोलीत बसवून शिकवलं. एकदाही घाई केली नाही. आज तू शंभर माणसांपुढे बोलतोस ते त्यांच्यामुळे. मी हे नाकारत नाही.

माझ्या वाट्याला त्याच वाक्याचा दुसरा अर्थ आला. आई अंथरुणाला खिळलेली, तू पाळण्यात, म्हणून नऊ वर्षांची होईपर्यंत मी शाळा फक्त बाहेरून पाहिली. सरकारी शाळेतल्या एक बाई तीन वेळा घरी आल्या. तिसऱ्यांदा उंबऱ्यातच बसल्या. बाबांनी त्यांनाही ते वाक्य ऐकवलं. बाई म्हणाल्या, "देवाने दिली आहे, मान्य. मग तिला अक्षरं कधी देणार तेवढं सांगा. तोवर मी इथेच बसते."

त्या दोन तास बसल्या. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. त्या बाईंना कोणी पाठवलं होतं? देवाने, असं तू म्हणशील. पण पगार सरकार देत होतं, धाकट्या.

तेव्हापासून कोणी बाप मुलांवरचा हक्क सांगायला लागला की मी नऊ वर्षांची होते. फाटक लावून घ्यावंसं वाटतं. त्या दिवशी तसंच झालं. तू काही बिट्टीला घरी ठेवायला आला नव्हतास. त्याच उपदेशात तू सांगितलंस, तिने तुला विचारलं होतं, की तुम्ही सांगता आणि बाई सांगतात त्यात फरक पडला तर मी कोणाचं मानू? मग बाई काय सांगतात ते ऐकावं म्हणून तू आला होतास. बापाने याहून वेगळं काय करायचं असतं? हे मला जूनमध्येच कळायला हवं होतं.

गुडघे ठीक आहेत.

ताई


१२ ऑक्टोबर

धाकट्या,

आधी बातमी. पाटी काढली.

'पालकांनी आत येऊ नये' ही अक्षरं मीच रंगवली होती, म्हणून मीच काढायला गेले. चार खिळे होते. तीन मुकाट्याने निघाले, चौथ्याने माझं नख तोडलं. मावशी पक्कड घेऊन आल्या तेव्हा मी फाटकाला शिव्या देत होते. मुख्याध्यापिकेच्या तोंडी शोभणाऱ्या नव्हत्या. पाळकाला लिहिण्यासारख्याही नाहीत.

दर गुरुवारी कुठल्याही पालकाने कुठल्याही वर्गात न विचारता येऊन बसावं, अशी सूचना मुलांबरोबर घरोघर पाठवली. आमच्या शिक्षकांच्या खोलीत जे काही झालं ते विचारू नकोस. गणिताच्या बाई म्हणाल्या, माझ्या पाठीशी उभं राहायचं सोडून तुम्ही दार उघडता? त्यांना ते म्हणायचा अधिकार आहे. मी सांगितलं, प्रत्येक गुरुवारी मी स्वतः तुमच्या वर्गात बसेन, कोणी आवाज चढवला तर आधी माझ्याशी गाठ.

पहिल्या गुरुवारी एकच बाई आल्या. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या. लेकीच्या चौथीच्या वर्गात त्या वीस मिनिटं बसल्या, मग माझ्या खोलीत येऊन त्यांनी मला तीस मिनिटं झापलं. लेकीला फळा दिसत नाही. तीन वर्षांत तीन चिठ्ठ्या त्यांनी तिच्या वहीत घालून पाठवल्या, एकीचंही उत्तर नाही. "फाटकापाशी आले की पाटी वाचायची आणि परत जायची. मला वाचता येतं हेच वाईट झालं," असं म्हणाल्या. मी ऐकून घेतलं. आता ती मुलगी पहिल्या बाकावर बसते, चष्मा आलाय, आणि परवा तिने फळ्यावरची माझी चूक दाखवली.

दुसऱ्या गुरुवारी पाच पालक आले. त्यांत खिडक्यांना काचा बसवणारे एक गृहस्थ होते, मुलगा पाचवीत. अपूर्णांकांचा तास चालला होता आणि अर्धा वर्ग खिडकीबाहेर बघत होता. गणिताच्या बाई थकून खाली बसल्या. या माणसाने विचारलं, मी जरा बोलू का? खिशातून मोजपट्टी काढून त्यांनी मुलांना वर्गातली तुटकी खिडकी मोजायला लावली. चौकटीत काच जायची तर दोन्ही बाजूंनी सुताच्या, म्हणजे इंचाच्या आठव्या हिश्श्याच्या, किती भागाची सूट ठेवायची, ते विचारलं. मग म्हणाले, लाकूड जास्त कापलं तर तुकडा जोडता येतो, काचेचं तसं नाही, म्हणून मोजायचं दोनदा आणि कापायचं एकदा. तासाची घंटा झाली तरी मुलं उठेनात. गणिताच्या बाईंनी आज सकाळी मला विचारलं, ते पुढच्या गुरुवारी येणार आहेत का?

धाकट्या, तेवीस वर्षं मी ही शाळा चालवली आणि त्यातली अकरा वर्षं एवढी माणसं फाटकाबाहेर उभी ठेवली. शाळा बंद पडेल तर पडेल, पण हे दोन गुरुवार माझ्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही.

बिट्टीला सांग, तिच्या आत्याचं नख परत येतंय.

ताई


३० ऑक्टोबर

धाकट्या,

शनिवारी तू फाटकाशी जे बोललास ते बोललास, पण वर काय घडलं होतं ते तुला अर्धवटच माहीत आहे. म्हणून लिहिते.

गेल्या गुरुवारी तुझी बायको आली. हातात अर्ज. 'मुलांना सूक्ष्मदर्शक दाखवण्याची परवानगी मिळावी.' पाटी गेली तरी सवय गेली नव्हती बिचारीची. मी म्हटलं, कागद वाया घालवू नकोस, आत ये. चार महिने सहा इयत्तांची अकरा मुलं एका खोलीत शिकवून तिच्या डोळ्यांखाली काळं आलंय. पण ती हार मानायला आली नव्हती हं. तिने स्पष्ट सांगितलं, मुलं परत आणायचं तिच्या मनात नाही, फक्त त्यांना पेशी बघायच्या आहेत.

शनिवारी दुपारी ती अकरा जणांना घेऊन आली. मी कांद्याचा पापुद्रा काचेवर लावून दिला. एकेकाने डोळा लावला. बिट्टी सगळ्यात जास्त वेळ वाकून होती. मग वर बघून म्हणाली, "आत्या, हे मला दिसत नव्हतं तेव्हाही होतंच ना? मग न दिसणाऱ्या गोष्टीवर विश्वास ठेवण्यात काही चूक नाही."

मी काही बोलायच्या आत तिने दुसरं वाक्य टाकलं. "आणि डोळा लावून बघण्यातही नाही."

आता खरं सांगते. ती मुलं मागे पडली असतील असं मी मनात धरून बसले होते. मला तसं हवं होतं. म्हणून गप्पा मारता मारता एकेकाला चाचपून पाहिलं. दोघांची वजाबाकी कच्ची आहे, भूगोलाच्या नावाने तर आनंदच आहे. पण प्रश्न काय विचारतात! माझी सहावीतली मुलं मी सांगते ते वहीत उतरवतात. तुझ्या बायकोची मुलं मला थांबवून विचारतात, असं का? हे तिने केलंय. मला चार महिन्यांत जमलं नसतं, तेवीस वर्षांत जमलं नाही.

मग तू त्यांना न्यायला आलास आणि फाटकाबाहेरच थांबलास. मी खिडकीतून पाहिलं आणि या वेळी खाली उतरले. त्या दोन जिन्यांना मला किती वेळ लागला असं वाटलं, ते तुला सांगून कळणार नाही.

मी म्हणाले, "त्या दिवशी मी वरून बघत होते. चुकलं माझं."

तू म्हणालास, "मला पत्र यायच्या आधीच माहीत होतं, ताई. पडदा हलत होता."

चार महिने तुला माहीत होतं, आणि उपदेशात ते तू बोलला नाहीस. बोलला असतास तर मंडळीने मला पुन्हा कधी बाकावर बसू दिलं नसतं. मला फाटकाला धरून उभं राहावं लागलं, ते गुडघ्यांमुळे नव्हे.

मग तू आत आलास, सहावीच्या वर्गात जाऊन शेवटच्या बाकावर बसलास, गुडघे हनुवटीला टेकले. बिट्टीने फळ्यावर पेशी काढून तुला शिकवली. तू हात वर करून प्रश्न विचारलास. मी दाराशी होते. मला आठवतं त्याप्रमाणे, तुझी जीभ एकदाही अडखळली नाही.

ताई


१५ नोव्हेंबर

धाकट्या,

आज तू दिवसभर माझ्या शाळेत होतास आणि मी तुला पत्र लिहिते आहे. हसायचं असेल तर हस. समोर मला बोलता आलं नाही.

आधी रविवारचं. तुला वाटलं असेल मी आले नाही, पण मी शेवटच्या बाकावर होते, खांबाआड. तू मंडळीला म्हणालास, "लेकरांची जबाबदारी आईबापांची, असं मी जूनमध्ये म्हणालो. आजही म्हणतो. लेकराला शाळेत घातलं म्हणून ती संपत नाही, आणि घरी ठेवलं म्हणून ती पार पडत नाही." मग सांगितलंस, की मी उद्या बिट्टीचं नाव शाळेत घालणार आहे, बाकीच्यांनी आपापल्या घरी प्रार्थना करून ठरवावं, मी कोणाला ओढणार नाही. चुकलेलं वाक्य मागे घेणारे पाळक मी पाहिले आहेत. बरोबर वाक्य पुढे नेणारा पहिल्यांदाच पाहिला.

नावं घालायला आलास तेव्हा तू दिलेली तीन अटींची चिठ्ठी मी फाइलला लावली. गुरुवारच नव्हे, कुठल्याही दिवशी पालकाला येता यावं : मान्य. घरी शिकवलेलं आणि शाळेत शिकवलेलं जुळलं नाही तर मुलाने ते वर्गात बोलून दाखवावं, कोणी त्याला हसू नये : हेही मान्य, आणि ती अट तू का घातलीस ते मला ठाऊक आहे. सकाळी शाळेत प्रार्थना : नाही. या शाळेत वेगळी प्रार्थना करणाऱ्या घरांची मुलं आहेत, अजिबात न करणाऱ्या घरांचीही आहेत, आणि ती माझीच आहेत. तू वाद घालशील म्हणून मी तयारी करून बसले होते. तू पेन काढून ती ओळ खोडलीस आणि म्हणालास, तशी ती घरीच चांगली होते.

आता आजचं. तू मिरवणुकीच्या पुढे होतास, आत काय चाललं होतं ते तुला दिसलं नाही.

सव्वादहाला अधिकारी आले. तरुण, इस्त्रीचा शर्ट, बोलणं कमी. तेहतिसातला एक तापाने घरी, म्हणजे बत्तीस. त्यांनी तिन्ही खोल्यांत फिरून मोजलं आणि माझ्या टेबलाशी येऊन बसले. मी म्हटलं, आणखी नऊ आजपासून यायची आहेत, परवाच नावं घातली आहेत. ते म्हणाले, बाई, कागदावरची नावं मला चालत नाहीत, साडेदहाला हजेरी होते तेव्हा बाकावर बसलेली मुलं चालतात. घड्याळात दहा पंचवीस. आणि तुम्हा मंडळींचा पत्ता नव्हता. गणिताच्या बाई फाटकापर्यंत दोनदा जाऊन आल्या.

आणि मग रस्त्यावरून आवाज आला. आधी मला वाटलं, मंडळी गीत म्हणत येते आहे. मग शब्द लागले. अकराचा पाढा होता. उपासनेच्या चालीवर, दोन सुरांत, मागून आईबापांचा जाड आवाज. तुझ्या बायकोने पाढे असे शिकवले हे मला कोणी सांगितलंच नव्हतं! इस्त्रीवाल्या बाई दुकान सोडून फाटकाशी आल्या. काचवाले गृहस्थ पाचवीच्या खिडकीत बसवत असलेली काच हातात धरून तसेच उभे राहिले. आमची बत्तीस मुलं बाकांवर चढली आणि त्यांनी पाढा उचलला. अकरा दाहे एकशे दहाला सगळी शाळा एका सुरात होती, धाकट्या.

अधिकाऱ्यांनी पुन्हा मोजलं. बेचाळीस आली. बत्तीस अधिक नऊ एक्केचाळीस होतात, हे माझ्या पाचवीतल्या कोणीही सांगितलं असतं. तिसऱ्यांदा मोजल्यावर कळलं, की पाचवीच्या बाकावर मुलांच्या मधोमध तुझी बायको बसली होती आणि साहेबांनी तिलाही धरलं होतं. तीच पहिल्यांदा हसली, मग साहेब हसले. ते हसू शकतात हे तेव्हा कळलं. एक्केचाळीस लिहून त्यांनी सही केली. निघताना विचारलं, एवढे पालक शाळेच्या वेळात आत कसे? मी म्हटलं, साहेब, ती त्यांची जबाबदारी आहे. हे मी म्हणाले, तुझी ताई. तू व्हरांड्यात होतास, ऐकलंस का?

दोन घरांनी मुलं पाठवली नाहीत. त्यांच्या आईबापांनी विचार करून ठरवलंय, मी त्यांच्या उंबऱ्यात जाऊन बसणार नाही, कारण त्या मुलांना अक्षरं येतात. शनिवारी सूक्ष्मदर्शक त्यांच्यासाठीही उघडा आहे.

मुलं मैदानात उधळली तेव्हा तू व्हरांड्यात माझ्याजवळ आलास. खूप वेळ ओठ हलले. आज राग नव्हता, तरी जीभ अडखळली. म्हणालास, "ताई, बाबांनी तुझ्यावर अन्याय केला. मला माहीत होतं. मला त्यांच्याकडून सगळं चांगलंच मिळालं, म्हणून माझ्याने बोलवलं नाही."

मी छपराकडे बघत राहिले. तू काय समजलास देव जाणे. मी पन्नास वर्षं हे एक वाक्य ऐकायची वाट बघत होते, आणि ते आलं तेव्हा माझ्याजवळ ठेवायला जागा नव्हती. इतकंच.

तू गेल्यावर मी नव्या मुलांचे प्रवेश-अर्ज पटावर उतरवायला घेतले. परवा घाईत फक्त नावं घेतली होती, बाकीचं वाचलं नव्हतं. बिट्टीचा अर्ज शेवटी आला. वडिलांचं नाव, आईचं नाव. त्याखाली एक रकाना असतो : 'आईवडिलांखेरीज मुलाची जबाबदारी असलेली व्यक्ती'. तेवीस वर्षं पाहते आहे, लोक तिथे आडवी रेघ मारतात. तू तिथे माझं पूर्ण नाव लिहिलं आहेस. नात्याच्या जागी 'आत्या'.

अक्षर अजूनही कोंबडीने पाय ओढल्यासारखं आहे तुझं. पण वाचता आलं.

ताई